पोलिओचे थेंब देणारा शास्त्रज्ञ आणि तुमचा डेंग्यूचा रिपोर्ट

पावसाळ्यात नांदेड-लातूरकडे ताप आला की डेंग्यूची तपासणी ठरलेलीच. रिपोर्टवर आयजीएम, आयजीजी अशी अक्षरं असतात आणि एखादं ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की अख्खं घर घाबरतं. या अक्षरांमागचं कोडं सोडवणाऱ्यांपैकी एकाचे थेंब तुम्ही लहानपणी नक्की घेतले असतील. ते म्हणजे पोलिओची तोंडावाटे द्यायची लस बनवणारे अल्बर्ट सेबिन.

सेबिन यांचा जन्म १९०६ साली आजच्या पोलंडमधल्या ब्यालिस्टोक शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. १९२१ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत गेलं. तिथे त्यांनी दंतवैद्यकाचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि १९३१ मध्ये ते डॉक्टर झाले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक डेंग्यूने आजारी पडू लागले. लष्करात असलेल्या सेबिन यांनी हवाई, न्यू गिनी आणि भारतातल्या आजारी सैनिकांच्या रक्तातून विषाणू मिळवले. जपानमध्ये हॉत्ता आणि किमुरा यांना १९४३ मध्येच डेंग्यूचा विषाणू सापडला होता.

सेबिन यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यात कैदीही होते. आजच्या नियमांत हे बसणार नाही. त्यातून कळलं की डेंग्यू एकाच प्रकारचा नसतो. एका प्रकारातून बरं झालेल्याला तोच प्रकार दीर्घकाळ पुन्हा होत नाही, पण दुसऱ्या प्रकारापासूनचं संरक्षण जेमतेम दोन-तीन महिने टिकतं. आज आपल्याला चार प्रकार माहीत आहेत. डेंग्यू पुन्हा होतो तो यामुळेच, आणि दुसऱ्या वेळी तो गंभीर होण्याचा धोका जास्त असतो.

याचा तुमच्या रिपोर्टशी संबंध काय? आयजीएम ताप आल्यावर साधारण चार-पाच दिवसांनी दिसू लागतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला एनएस१ ही तपासणी उपयोगी पडते. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर बऱ्याचदा तो जुन्या संसर्गाचा माग असतो. पण दुसऱ्यांदा डेंग्यू झाल्यास आयजीजी लवकर वाढतं आणि आयजीएम कमी दिसू शकतं. म्हणून रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. झटपट कार्डपेक्षा एलायझा तपासणी अधिक भरवशाची. सरकारी प्रयोगशाळांत त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे किट वापरतात.

सेबिन १९९३ मध्ये वारले. पोलिओच्या लशीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. डेंग्यूशी लढाई मात्र अजून सुरू आहे.