उल्काशास्त्रज्ञ क्लाड्नी

अर्न्स्ट क्लाड्नी यांचा जन्म इ. स. १७५६ मध्यें जर्मनींतील विटेनबर्ग येथें झाला. पित्याच्या आग्रहास्तव ते कायदा शिकले. मन मात्र शास्त्रांत रमे. आकाशांतून दगड पडतात, ही खेडुतांची साक्ष त्या काळीं विद्वान् हंसण्यावारी नेत. क्लाड्नींनीं जुन्या नोंदी ताडून पाहिल्या आणि हे पाषाण अंतराळांतूनच येतात, असें १७९४ मध्यें ग्रंथद्वारा प्रतिपादिलें. उपहास झाला. परंतु १८०३ मध्यें फ्रान्समधील लेग्ल गांवीं भरदिवसा हजारों दगड कोसळले. बियो यांनीं चौकशी केली व सत्य उजेडांत आलें. क्लाड्नींस कोणत्याही विद्यापीठांत अध्यापकपद लाभलें नाहीं. तरी १८२७ मध्यें निवर्ततांना त्यांनीं आपला उल्कापाषाणसंग्रह बर्लिन विद्यापीठास अर्पिला. साध्या माणसाचा शब्द न तपासतां नाकारूं नये, हा बोध आम्हीं विद्यार्थ्यांनीं त्यांच्यापासून घ्यावा.