‘नागिन’ची बीन खरी नव्हतीच! वाजवणारा होता गिरगावातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा

वाशिमची वरात असो की मुंबईची, बॅन्डवाल्याने नागिनची धून धरली की तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारा एक तरी निघतोच. पण १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमात ती बीन कुठल्या गारुड्याने वाजवली नव्हती. ती वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर.

कल्याणजी मूळचे कच्छचे, जन्म १९२८ चा. वडिलांनी गिरगावात किराणा दुकान टाकलं. एका गिऱ्हाईकाची उधारी फिटेना, तेव्हा त्याने पैशांऐवजी पोरांना संगीत शिकवलं, असं सांगतात.

क्लॅव्हिओलिन १९४७ मध्ये फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलं. त्यावर एका वेळी एकच सूर वाजायचा. पण सूर थरथरवणारा व्हायब्रेटो त्यात होता आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. आज घरी गाणी रेकॉर्ड करणारे ज्या मॉड्युलेशनसाठी स्वस्तातलं पेडल शोधत फिरतात, त्यातलाच हा प्रकार. कल्याणजींनी तेवढ्यावर बीन उभी केली. साथीला रवी यांची हार्मोनियम, संगीत हेमंतकुमारांचं. ऐकणाऱ्यांना ती खरीच बीन वाटली.

पुढे १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून ते स्वतः संगीतकार झाले. मग धाकटे भाऊ आनंदजी सोबत आले आणि जोडी गाजली. ‘सरस्वतीचंद्र’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९९२ मध्ये पद्मश्री. २४ ऑगस्ट २००० ला कल्याणजी गेले.