पंडितेचा पुरावा

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या समाजात अजूनही धर्मांतराचीच गोष्ट आधी निघते. त्यानंतर बाईंनी आपल्या नव्या धर्मगुरूंना किती सतावले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा गाभा तेथेच आहे.

1858 साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने कन्येला. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. अनुष्ठाने कामी आली नाहीत. पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या हिमालयातील एका तळ्यापाशी पोहोचल्या. तेथे भाविकांची प्रार्थना पावली की पाण्यावरचे डोंगर त्यांच्याकडे तरंगत येत. पाण्यात मगरी आहेत, असे भय घातलेले होते. श्रीनिवासांनी पहाटे उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिले, तो तराफ्यांवर माती रचून झाडे लावलेली, आणि मागे होडीतून ते ढकलणारी माणसे!

ही उडी बाई जन्मभर विसरल्या नाहीत. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. त्यानंतर विवाह झाला आणि 1882 मध्ये वैधव्यही आले. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता शिष्या मुकाट्याने शिकेल, असे मठातील भगिनींस वाटले असावे. घडले उलटेच. त्रैक्याच्या सिद्धांताला, कुमारीपासून झालेल्या जन्माला मूळ ग्रंथात आधार कोणता, असे बाई विचारू लागल्या. चर्च सांगते म्हणून माना, हे उत्तर त्यांना पुरेना. भटांचे जोखड फेकून बिशपांचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे पवित्र आणि संस्कृत अपवित्र का, हाही त्यांचा सवाल. अंडे घातलेली पुडिंग त्या खात नसत, तर सिस्टर जेराल्डीनना त्यात जातीचा ताठा दिसे. पुरुषांना शिकविण्याच्या कल्पनेला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या संतापल्या. जे आपल्याला पटलेले नाही ते मनोरमेला शिकवू नये, एवढ्यासाठी परक्या मुलखात, परक्यांच्या अन्नावर असताना एकटी विधवा भांडली, हे आम्हांस फार मोठे वाटते.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास गेले. 1893 मध्ये विद्यार्थिनींवर ख्रिस्ती वळण लादले जाते अशी हाकाटी उठली. ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसत. विश्वास लपविणे बाईंस मान्य नव्हते. पालकांचा धसकाही, न्यायाने बोलायचे तर, निराधार नव्हता. परंतु ज्या विधवांना घरात ताटाशी जागा नव्हती त्यांच्यासाठी पर्याय काय, याचे उत्तर ओरडणाऱ्यांपैकी थोड्यांपाशीच होते.

केडगावच्या मुक्तिसदनात 1896 नंतर दुष्काळातील शेकडो मुली आल्या. 1905 च्या सुमारास तेथे प्रार्थनेचा जो आवेश उसळला, त्या काळातील रमाबाईंशी आमचे जुळत नाही. वाँटेजची चिकित्सक बाई तेथे दिसेनाशी होते. पण ती हरपली नव्हती. पाद्र्यांनी केलेले मराठी बायबल खेड्यातल्या बाईस कळेना, म्हणून उतारवयात तिने हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि सगळा ग्रंथ स्वतः मराठीत उतरविला. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा मूळ पाहावे, ही तीच तळ्यातली उडी होय.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी बाईही गेल्या. केडगावात सदनाचा स्वतःचा छापखाना होता. सदनातील स्त्रियाच त्यात काम करीत. बाईंचे भाषांतर 1924 मध्ये बाहेर पडले.