कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणीचा रविवार

आपल्या मंडळाचे वार्षिक संमेलन असो, वधूवर परिचय मेळावा असो वा विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो, निमंत्रणपत्रिकेवर वार बहुधा रविवारच छापलेला असतो. अन्य वार धरल्यास मंडप ओस पडेल, हे कार्यकारी मंडळ पुरते जाणून आहे. हा रविवार गिरणीतील मजुराच्या पदरात कोणी टाकला, हे मात्र आपल्याच घरांतील पुष्कळ तरुणांना सांगता येत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. परिस्थितीमुळे शिक्षण बेताचेच झाले. आरंभी त्यांनी रेल्वे व टपाल या खात्यांत नोकरी केली आणि पुढे मुंबईस मांडवी येथील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते याच ठिकाणी.

त्या काळच्या गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे सूर्य उगवला की यंत्रे सुरू होत आणि मावळला की थांबत. हिवाळ्यातला दिवस त्यातल्या त्यात आखूड असे. उन्हाळ्यात मात्र तेरा-चौदा तास उभे राहावे लागे. दुपारच्या विसाव्याचा नेम नव्हता. सणावारी गिरणी बंद राही, महिन्यातून एखाद-दुसरा दिवस यंत्रे साफ करण्यासाठी थांबवीत. पण आठवड्यातील अमुक दिवस आपला, असे मजुराला म्हणता येत नसे. पगारही केलेला महिना उलटून कित्येक दिवसांनी हाती पडे. सरकारी कचेरीतील कारकुनाला रविवार मिळत होता. त्याच शहरात कापड विणणाऱ्याला तो मिळत नव्हता.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. नारायणराव लवकरच त्या कार्यात आले व मुंबईतील त्याचे प्रमुख आधारस्तंभ झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र डबघाईस आले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून आपल्या खांद्यावर घेतले आणि अखेरपर्यंत चालविले. जो वर्ग वर्गणी भरू शकत नाही, पुष्कळसा वाचूही शकत नाही, त्या वर्गाचे पत्र चालविणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करीत फिरणाऱ्यांना थोडेसे कळते.

१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्याने मुलांचे वय व कामाचे तास बांधले, मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढ स्त्रीपुरुषांचा त्यात विचारच नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायणरावांनी परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अशा: दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. याच सुमारास उभी राहिलेली ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ ही हिंदुस्थानातील कामगारांची पहिली संघटना म्हणून ओळखली जाते. तिला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. टीकाकार हे दूषण म्हणून सांगतात. आम्हांस वाटते, नोंदवही नसताना इतक्या सह्या जमल्या, हीच खरी नवलाची गोष्ट.

रविवारच का, असाही प्रश्न उपस्थित होत असे. हा तर ख्रिस्ती लोकांचा वार. परंतु देशावरून आलेल्या मजुराच्या घरी रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. कचेऱ्यांना जो दिवस मोकळा, तोच कुळस्वामीचाही निघाल्यामुळे ही मागणी मजुराला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

खरी अडचण वेगळीच होती. कारखाना कायदे कडक व्हावेत म्हणून विलायतेतील लँकेशायरचे गिरणीमालक ओरड करीत होते. आणि ती कणवेपोटी नव्हे, तर मुंबईचे कापड महाग व्हावे म्हणून. त्यामुळे एतद्देशीय पुढाऱ्यांपैकी व वृत्तपत्रांपैकी पुष्कळांनी असल्या कायद्यास देशी उद्योगावरील घाला मानून विरोध केला. त्यांची शंका निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण मँचेस्टरचा हेतू वाईट म्हणून परळच्या मजुराची पाठ दुखायची थांबत नाही. नारायणरावांनी ‘दीनबंधु’तून मजुराची बाजू धरली. त्या दिवसांत ती धरणे सोपे नव्हते.

सहा वर्षे अर्जविनंत्यांत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, हे आमच्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात नारायणरावांचे साहाय्य घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्व कामगारांस मिळाली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले.

येथे एका गैरसमजाची दुरुस्ती करणे अवश्य आहे. सभांतून ही पगारी सुटी होती, असे सांगितले जाते. तसे नव्हते. मजुराची कमाई हजेरीवर किंवा कामाच्या मापावर चाले. काम नाही त्या दिवसाचे दाम नाही. म्हणजे हजारो गरिबांनी अंगठे उमटवून जे मागितले ते विनावेतन! महिन्याचे चार रोज बुडतील हे ठाऊक असूनही त्यांनी तो दिवस मागितला, यावरून श्रमाचा भार किती असेल याची कल्पना वाचकांनी करावी. पगारासह वार्षिक रजा कायद्यात येण्यास १९४५ साल उजाडावे लागले. तेव्हा वर्षभर सलग नोकरी केलेल्या प्रौढास दहा दिवस मिळू लागले. १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली, आणि रजेच्या मुदतीत येणारी साप्ताहिक सुटी तीत धरली नाही. २०२० च्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. नोकरीस लागलेल्या आमच्या मुलामुलींनी आपल्या रजेचा हिशेब स्वतः ताडून पाहावा.

नारायणराव केवळ गिरणीपुरते नव्हते, आणि केवळ आपल्या ज्ञातीपुरते तर नव्हतेच. त्यांच्या सभांत कोकणचे कुणबी बसत तसे मुसलमान विणकरही बसत. विधवांच्या केशवपनास हात लावणार नाही, असा निर्धार नाभिक बांधवांनी केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यात त्यांनी कामगारवस्तीत सलोख्यासाठी खटपट केली. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे पहिले रोगी सापडले, ते मांडवीतच. जेथे नारायणरावांनी गिरणीतली नोकरी केली तोच हा भाग. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. नारायणराव रोग्यांच्या शुश्रूषेत राहिले, त्यांनाही प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर महिन्याभरातच, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात त्याच रोगाने गेल्या.

२००५ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने नारायणरावांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तरुणपणी पोटासाठी त्यांनी ज्या खात्यांत नोकरी केली, त्यांपैकीच हे एक.