जहाजांचं तांबं वाचवणारा शास्त्रज्ञ तोंडघशी का पडला?

गाडीच्या इंजिनात बीड असतं, अ‍ॅल्युमिनियम असतं, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ आणि सोल्डर. या सगळ्यातून एकच पाणी फिरतं. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि मध्ये क्षारांचं पाणी आलं, की चक्क बॅटरी तयार होते आणि त्यातला एक धातू झिजायला लागतो. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात ती हे थांबवायला. पण या बॅटरीचा धातू वाचवण्यासाठी उलटा वापर करून दाखवला तो हम्फ्री डेव्हीने, गाड्या येण्याच्या कितीतरी आधी!

डेव्हीचा जन्म १७७८ चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सचा. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते गेले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पोरगा एका सर्जनकडे उमेदवारीला लागला आणि तिथेच रसायनांच्या नादी लागला. १८०७ मध्ये त्याने विजेच्या मदतीने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा बनवला. १८२० मध्ये थेट रॉयल सोसायटीचा अध्यक्ष!

१८२३ मध्ये ब्रिटिश नौदल त्याच्याकडे एक दुखणं घेऊन आलं. लाकडी युद्धनौकांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असायचे. लाकूड पोखरणारे जीव दूर राहावेत, शेवाळ-शंख चिकटू नयेत म्हणून. पण समुद्राचं पाणी ते पत्रेच खात होतं. तांब्यात भेसळ असेल, असा अनेकांचा संशय. डेव्हीचं म्हणणं वेगळं होतं. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, समुद्र त्याला खाईल, तांबं शाबूत राहील. जस्त तरी किती? तांब्याच्या पृष्ठभागाच्या ४० व्या ते १५० व्या हिश्शाएवढं पुरेसं. प्रयोगशाळेत हे तंतोतंत खरं ठरलं, मग जहाजांवर तुकडे बसवले गेले.

आणि इथे घात झाला. तांबं वाचलं, पण जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शंख-शिंपले थरच्या थर चिकटले. ताक तांब्याच्या भांड्यात कळकतं, कारण तांबं त्यात उतरतं. समुद्रातही तेच व्हायचं. थोडं थोडं विरघळणारं तांबंच त्या जीवांना मारत होतं. डेव्हीने विरघळणं बंद केलं, तसा पहारेकरीही गेला. जहाजं मंदावली. १८२५ मध्ये नौदलाने समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवरचे तुकडे काढायला लावले. टीका झाली ती डेव्हीवर. पुढच्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला, १८२७ मध्ये अध्यक्षपद सुटलं आणि १८२९ मध्ये जिनिव्हात, पन्नाशीतच, तो गेला.

पुढे लोखंडी जहाजं आली. त्यांच्यावर विरघळून जीव मारणारं तांबं नव्हतंच, त्यामुळे डेव्हीचं जस्त तिथे चपखल बसलं.

गाडीच्या कूलंटने मात्र वेगळी वाट धरली. त्यातले सिलिकेट, फॉस्फेट किंवा सेंद्रिय आम्लांचे क्षार धातूवर पातळ थर धरतात, त्यामुळे पाणी थेट धातूला भिडत नाही. ही रसायनं वापरात संपत जातात, शिवाय कूलंटमधलं ग्लायकॉल हळूहळू आंबट होत जातं. रंग छान हिरवागार दिसत असला तरी मुदतीत कूलंट बदलायचं ते म्हणूनच. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनात मात्र आजही अनेक ठिकाणी पेन्सिलीएवढा जस्ताचा तुकडा असतो. तो झिजून निम्मा झाला, की काढून नवा बसवतात.