साताऱ्यात भरलेला ‘देवाचा दरबार’

शेतकरी बंधूंनो, ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केलेली असेल. ती लिहिणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. हे टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहायला आले होते, आणि इथे त्यांनी एक वेगळाच संसार मांडला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्यावेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. म्हणजे ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. नाशिकला त्यांचे संस्कृत शिक्षण झाले. स्वभाव फिरता, एका जागी नोकरी टिकायची नाही. जातीपातीचा भेद त्यांना खुपत असे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती बायबल ठेवले. टिळकांनी ते वाचले, दोन वर्षे मनाशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला बाप्तिस्मा घेतला.

आता विचार करा, त्या काळात याची किंमत काय असेल? नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाईंना हे पटले नव्हते. त्या मुलाला घेऊन पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. काही वर्षे हा संसार दोन ठिकाणी होता. पुढे त्या नगरला आल्या तरी सोवळे पाळत होत्या. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. माझे पटले म्हणून तुझेही पटलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट नव्हता. लक्ष्मीबाईंचा सोवळ्याचा पीळ त्यांचा त्यांनीच सोडवला आणि १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हीच बाई पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीत अमर झाली.

अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, टिळक अमेरिकन मिशनमध्ये शिकवण्याचे काम करीत. तिथल्या देवळांत विलायती चालीवरची गीते म्हटली जात. खेड्यातल्या माणसाला त्यात काय गोडी वाटणार? टिळकांनी अभंग, भजने रचली. कीर्तन हाती घेतले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताजवळ पोचलो, असे ते सांगत. धर्म बदलला म्हणून ना भाषा टाकली, ना देश, ना संत. आंब्याचे कलम करताना आपण गावठी कोयीचाच खुंट घेतो ना? मूळ इथल्या मातीचे असले तरच कलम धरते. तसेच हे होते.

त्यांच्या घराचे दारही सर्वांना उघडे असे. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, आणि टिळकांच्या घरात त्यावाचून काही अडलेही नाही. दुष्काळात, साथीत उघड्यावर पडलेल्या पोरांनाही या घरात घास मिळाला.

मग १९१७ साल उजाडले. वय छप्पनच्या घरात, प्रकृती ढासळलेली. अशा वेळी माणूस पगार आणि घर सांभाळून बसतो. टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्याला बिऱ्हाड आणले. इथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही या दरबारात एका पंक्तीला. ख्रिस्तावर प्रेम असेल तर ये, बस, भजन म्हण. त्यासाठी आपली माणसे, आपले घर सोडून ये, अशी अट नाही.

हे कुणाला रुचले, कुणाला नाही. हिंदूंच्या दृष्टीने ते बाटलेले. बऱ्याच ख्रिस्ती मंडळींना वाटे, बाप्तिस्म्यावाचून माणूस आपला कसा? दोन्हीकडून बोलणी खाऊन टिळक आपल्या वाटेने चालत राहिले. पण दरबाराला दिवस थोडेच मिळाले. ९ मे १९१९ रोजी मुंबईला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. चूल वेगळी मांडणाऱ्या बाईने नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम शेवटास नेले, यात सारे आले.

दरबार चालवणारे गेले, दरबार ओसरला. मग टिळकांच्या हाती काय लागले, असे कुणी विचारील. बंधूंनो, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत देऊळ, मशीद, बुद्धविहार, चर्च सारे आहे. बांध, पाणी, रस्ता यांवरून होणाऱ्या भांडणात जात-धर्म ओढला की साधा तंटाही पिढ्यान्‌पिढ्या चिघळतो. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींना हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी टिळक आठवावेत. आपली श्रद्धा त्यांनी लपवली नाही, तीत पाणी घातले नाही, आणि ती कुणाच्या गळ्यातही मारली नाही. शेजाऱ्याचा देव वेगळा असला तरी त्याला ओसरीवर बसवता येते. एवढे जमले, तर गावाचे पुष्कळ काम सोपे होईल.