मोटार कारखान्याचे स्वप्न पाहणारे विश्वेश्वरय्या

बेंगळुरू : जुन्या छायाचित्रांतील डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकी मोटारी इतक्या मिळत्याजुळत्या, की समोरची जाळी आणि बोधचिन्ह निरखल्याविना त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. तिन्ही क्रायसलरच्या. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची जुळणी कुर्ल्यात होऊ लागली. त्यामागील मूळ ध्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा होता.

मुद्देनहळ्ळीत जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले आणि १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाणपद सांभाळले. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, जेव्हा इतर निवृत्तीत रमतात, त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार उद्योगाचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये मुंबईसाठी कारखान्याची योजना मांडली. ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ती जिद्द पुढे नेली. त्यांच्याच पुढाकाराने बेंगळुरूत १९४० मध्ये विमानांचा कारखाना उभा राहिला; मोटारींसाठीची ‘प्रीमियर’ कंपनी १९४४ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

वयाची शंभरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांचे एप्रिल १९६२ मध्ये बेंगळुरूत निधन झाले.